लॅबमधल्या काकांचे आभार

काका,
थीसिसच्या आभाराच्या पानावर तुम्ही गाईड, एचओडी, मित्रमंडळी सगळ्यांच्या खाली एका ओळीत आलात, ते काही मला पटलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

गायी-म्हशींच्या ओव्हरीतल्या गाठींचं वर्गीकरण पुस्तकात वाचायला एकदम सोपं, सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल, एपिथेलियल, जर्म सेल वगैरे गट पाठ केले की झालं. पण आत रक्ताने भरलेल्या पोकळ्या असलेली गाठ ट्रेमध्ये आली की नुसत्या डोळ्यांनी कुठे काय कळतं, गायीत जास्त करून ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरच (सेक्स कॉर्ड-स्ट्रोमल गटातला) सापडतो म्हणून तोच असणार असं वाटतं, पण वाटून रिपोर्ट लिहिता येत नाही ना. तुमचा पहिला प्रश्न काय, तर "फॉर्मॅलिन दहापट घेतलंय का?" (फॉर्मॅलिन म्हणजे तुकडा सडू न देणारं द्रावण, गाठीच्या दहापट लागतं.) अख्खी गाठ बुडवली तर मधला भाग सडतो म्हणून पातळ चकत्या करायला लावल्यात, आणि घट्ट भाग, सिस्टची भिंत, कडेला उरलेली ओव्हरी सगळीकडचे तुकडे घ्यायला लावलेत. ते बरंच झालं, कारण एकाच गाठीत एकीकडे फॉलिकलसारखी रचना आणि दुसरीकडे नुसत्या पेशींचे पसरलेले थर निघाले.

सिस्टवाल्या ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) सेक्शन, म्हणजे पातळ काप, वॉटर बाथवर फाटत होते, दुसरा कोणी असता तर चालतंय म्हणून तसेच दिले असते. तुम्ही ब्लॉक बर्फावर ठेवला, ब्लेड बदललं आणि परत चार-पाच मायक्रॉनचे कापलेत, त्यात गुलाबी थेंबाभोवती गोल लागलेल्या पेशी, म्हणजे ग्रॅन्युलोसाची खूण असलेल्या कॉल-एक्सनर बॉडी, इतक्या स्वच्छ दिसल्या की एक्स्टर्नल परीक्षकांनी त्यावर प्रश्नच विचारला नाही!

आणि म्हशीची ती घट्ट गाठ, ग्रॅन्युलोसा की थिकोमा (त्याच गटातली दुसरी गाठ) यावर आमची नुसती वादावादी चालली होती, तर तुम्हीच म्हणालात रेटिक्युलिन, म्हणजे पेशींमधले बारीक धागे काळे दाखवणारा स्टेन, करून बघू. सिल्व्हरचा स्टेन म्हणजे महालहरी, काच जरा अस्वच्छ राहिली की सगळं काळं. पण तुमच्या स्लाइडवर काळे धागे ग्रॅन्युलोसासारखे पेशींच्या घोळक्याभोवती नाही तर एकेका पेशीभोवती फिरलेले स्पष्ट दिसले, थिकोमा, विषय संपला.

(टेराटोमा मात्र एकही मिळाला नाही, केस-दात असलेली ओव्हरी बघायची राहिलीच.)

सगळे ब्लॉक नंबर टाकून कपाटात ठेवलेत, ज्युनियरना इनहिबिनचं इम्युनो (ते प्रोटीन अँटिबॉडीने शोधायचा स्टेन) करायचंय, त्यांना लागतील. थीसिसची एक कॉपी तुमच्या टेबलावर ठेवलीये, स्लाइडचे फोटो मुद्दाम कलरमध्ये छापून घेतलेत.