प्राणीगृहाच्या मामांना अनावृत पत्र

सांगली

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख एका ओळीत आला. ती ओळ छापून आल्यापासून मला अपुरी वाटते आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होत आहात. त्याआधी तुमच्यामुळे माझ्या संशोधनातले नेमके काय वाचले हे चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र.

मेंदूच्या अत्यंत घातक गाठींपैकी एक असलेल्या ग्लिओब्लास्टोमावर मी काम करते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या कर्करोगावरील औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि एवढ्या वाढीलाही मोठे यश मानावे लागले. ही गाठ एकटी वाढत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी आणि रक्तातून येणाऱ्या भक्षक पेशी तिच्याभोवती जमतात. काही गाठींत त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असतो, आणि गाठ त्यांनाच आपल्या कामाला जुंपते. हा सगळा परिसर काचेच्या बशीत उभा करता येत नाही, म्हणून उंदीर लागतात. मानवी गाठीच्या पेशी रुजवायच्या तर प्रतिकारशक्ती उणी असलेले उंदीर घ्यावे लागतात, आणि मग ज्या पेशी अभ्यासायच्या त्याच अपुऱ्या पडतात. म्हणून आम्ही ‘ब्लॅक सिक्स’ जातीचे काळे उंदीर आणि त्याच जातीत तयार झालेल्या जीएल-२६१ नावाच्या गाठीच्या पेशी निवडल्या. या प्रतिमानातही उणीव आहे. उंदराची प्रतिकारशक्ती ही गाठ बऱ्यापैकी ओळखते, माणसाची ग्लिओब्लास्टोमा तितकी ओळखत नाही, त्यामुळे इथल्या यशावर फार विसंबता येत नाही.

पहिल्या दिवशी मी उंदीर शेपटीला धरून उचलला, तेव्हा तुम्ही काही न बोलता माझ्या हातून पिंजरा घेतला. त्यात पुठ्ठ्याची एक नळी ठेवली, उंदीर आपण होऊन आत शिरेपर्यंत थांबलात आणि नळीची दोन्ही तोंडे तळव्यांनी झाकून ती माझ्या हातात दिलीत. आत त्याची धडधड हळूहळू शांत होत गेलेली मला बोटांना जाणवली. शेपटीला धरल्याने उंदीर अधिक भेदरतात आणि नळीतून किंवा ओंजळीतून उचलल्यास कमी, हे लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले होते. मी ते नंतर वाचले. भेदरलेल्या उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि ते प्रतिकारपेशींना दाबते. मेंदूची सूज उतरवायला रुग्णांना दिले जाणारे डेक्सामेथासोन हेही त्याच कुळातले. म्हणजे माझ्या हाताची भीती थेट गाठीच्या शेजारापर्यंत पोहोचू शकत होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. तुमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलेले असताना तुम्ही सहा रात्री प्राणीगृहात काढल्यात. वीज नव्हती, जनरेटर अखंड चालू होता. त्या आठवड्यात, मी तपासत असलेले औषध दिलेल्या उंदरांच्या गटाचे वजन घटले, आणि औषध विषारी आहे असा निष्कर्ष मी जवळजवळ लिहूनही टाकला होता. तेव्हा तुम्ही तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही पुढे केलीत. तीत पिंजऱ्यागणिक रोजची नोंद होती: ‘खिडकीकडची मांडणी, जनरेटर जवळ, सगळे कोपऱ्यात गोळा, भुसा उकरत नाहीत.’ त्या गटाचे सगळे पिंजरे मी त्याच मांडणीवर ठेवले होते. चूक माझी होती. पिंजरे सगळ्या मांडण्यांवर विखरून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वजने स्थिर राहिली. एक औषध माझ्या हातून नाहक बाद झाले असते.

आणखी एक संध्याकाळ सांगायची आहे. “ताई, चौथ्या पिंजऱ्यातला आज घर करत नाही,” असे सांगत तुम्ही आलात. वजनातली वीस टक्के घट, ही आमच्या मंजूर आराखड्यातली मर्यादा, त्याने अजून गाठली नव्हती. पण घरट्यासाठी दिलेला कापूस तसाच पडलेला होता, पाठ वाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला वेदनेविना निरोप दिला. तुम्ही सांगितले नसते, तर सकाळपर्यंत त्याने सोसले असते. ज्यांच्यावर आपण हे लादतो, त्यांच्याकडे रोज असे पाहणारे कोणीतरी असावेच लागते, आणि आमच्याकडे ते तुम्ही होतात. याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

तुमच्या वहीची प्रत मी प्रयोगशाळेत ठेवून घेतली आहे. मूळ वही समारंभाच्या दिवशी परत करीन. मात्र एक विनंती आहे. शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही कधी ‘गप’ लिहिता, तर कधी ‘निवांत’. इतकी वर्षे वाचूनही या दोहोंतला फरक मला पिंजऱ्याकडे पाहून ओळखता येत नाही. जाण्यापूर्वी एकदा नव्या मुलांना आणि मला मांडणीपाशी उभे करून तो दाखवावा.

आपली नम्र,
तुमच्या प्राणीगृहातील एक विद्यार्थिनी