आई-बाबा, मी इथली नागरिक होतेय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगणार होते. पण फोनवर आई लगेच रडवेली होते आणि बाबा, तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन दादाच्या हातात देता. म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, मग रागवा.

मी अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता. मुलाखत झाली. पुढच्या महिन्यात क्लीव्हलँडला शपथ आहे. त्यानंतर आपला पासपोर्ट परत करावा लागेल. सुजितचं अजून काही ठरलेलं नाही, हा निर्णय माझा एकटीचा आहे. त्याच्यावर चिडू नका.

आई, आधी तुझ्या काळजीचं. माझं येणं-जाणं थांबणार नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, मिळालं की आयुष्यभर व्हिसा लागत नाही, हवे तितके दिवस राहता येतं. कार्ड येईपर्यंतच्या मधल्या आठवड्यांत काही झालंच, तर वकिलातीतून तातडीचा व्हिसा मिळतो, ते मी नीट विचारून ठेवलंय. आणि बाबा, मेणवलीच्या रानाचं तुमच्या मनात येईल: मला शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारशानं आलेली ठेवता येते. तरीही ती दादाच्याच नावावर करा, हे मी आधीपासून म्हणतेय.

आता तुम्ही विचाराल, या देशाला एवढी नावं ठेवतेस, मग त्याचीच नागरिक कशाला होतेस? बाबा, नावं ठेवायची आहेत म्हणूनच.

आमच्या गावच्या शाळेच्या संघाचं चिन्ह म्हणजे पिसांचा मुकुट घातलेला एक मूळनिवासी सरदार. जिमच्या फरशीवर त्याचा चेहरा रंगवलाय आणि पोरं बूट घालून त्यावर नाचतात. सामन्यात बँड एक धून वाजवतो आणि सगळं मैदान हातानं कुऱ्हाड चालवल्यासारखं करतं. अर्णव बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. यंदा त्यानं ती धून वाजवायला नकार दिला. तुमच्यासारखाच आहे, बोलत नाही, नुसतं वाद्य मांडीवर ठेवून बसला. मग मी शाळा मंडळाच्या सभेत उभी राहिले. तीन मिनिटं बोलता येतं. मी एवढंच म्हणाले, की ज्या लोकांना इथून हाकललं त्यांचा मुखवटा आपण खेळायला ठेवलाय. मागून कोणीतरी विचारलं, "तुम्ही नागरिक तरी आहात का?" चिन्ह तसंच राहिलं. मंडळातली माणसं निवडून येतात आणि मला मत नाही.

हाकललं हे मी रागानं म्हणत नाही. 1830 मध्ये अँड्र्यू जॅक्सननं कायदाच केला. आमच्या ओहायो राज्यातून शेवटचे वायंडॉट लोक 1843 मध्ये गेले. आज या राज्यात केंद्र सरकारनं मान्य केलेली एकही जमात नाही. त्यांची नावं मात्र जिल्ह्यांना आहेत, नद्यांना आहेत आणि शाळांच्या संघांना आहेत.

बाबा, तुम्ही इथे आला होता तेव्हा क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाच्या स्टेडियमबाहेर टोपी घेतली होती, लाल तोंडाचा, सगळे दात दाखवून हसणारा माणूस असलेली. ती घालून तुम्ही रोज घाटावर फिरायला जाता, तुमचे मित्र तिची तारीफ करतात. ती खूण कित्येक दशकं संघाच्या कपड्यांवर होती. मूळनिवासी लोक वर्षानुवर्षं मोसमाच्या पहिल्या सामन्याला दाराशी फलक घेऊन उभे राहत. आपण त्या दिवशी दुसऱ्या फाटकातून गेलो, तुम्हाला ते दिसले नाहीत. 2018 नंतर संघानं ती खूण गणवेशावरून काढली, आणि 2021 च्या मोसमानंतर 'इंडियन्स' हे नावही बदललं. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचा मालक 2013 मध्ये म्हणाला होता, 'रेडस्किन्स' हे नाव कधीच बदलणार नाही. 2020 मध्ये प्रायोजक हलले तेव्हा बदललं. 2025 च्या जुलैत राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही जुनी नावं परत आणा म्हणून सांगितलं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच. म्हणजे विषय संपलेला नाही.

सगळीकडे सारखंच आहे असंही नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ सेमिनोल जमातीचं नाव लावतो, आणि फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीची त्याला संमती आहे. त्यांना विचारलं गेलं. आमच्या गावात विचारायला कोणी उरलंच नाही, हे मला फार लागतं.

आणि हे खेळापुरतं थांबत नाही. लष्कराच्या हेलिकॉप्टरांची नावं बघा: अपाची, चिनूक, ब्लॅक हॉक. इराकवर पडलेलं क्षेपणास्त्र टॉमहॉक. 2011 मध्ये अबोटाबादला लादेनला मारलं, त्या मोहिमेत सांकेतिक नाव होतं जेरोनिमो. जेरोनिमो स्वतःच्या मुलखासाठी लढला आणि 1909 मध्ये फोर्ट सिलला युद्धकैदी म्हणूनच मेला. त्याच्या जमातीच्या अध्यक्षांनी ओबामांना पत्र लिहून माफी मागायला सांगितलं होतं. ज्यांच्याशी केलेले करार मोडले, त्यांची नावं शस्त्रांना द्यायची आणि जगाला कराराचं महत्त्व सांगायचं. 1868 च्या करारानं ब्लॅक हिल्स सू लोकांना दिले, 1877 मध्ये परत घेतले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई द्या म्हटलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांना डोंगर हवेत.

तोच दुटप्पीपणा बाहेर. मार्च 2023 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पुतिनवर वॉरंट काढलं, तर बायडन म्हणाले योग्य आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयानं नेतान्याहूंवर काढलं, तर तेच बायडन म्हणाले संतापजनक आहे. तुम्ही लगेच म्हणाल की भारत तरी कुठे त्या न्यायालयाचा सदस्य आहे. खरंय. तेही मला पटत नाही.

बाबा, 1971 तुम्हीच मला शिकवलंत. पुण्याच्या खोलीच्या काचांना काळा कागद लावून तुम्ही रेडिओ ऐकत होता आणि बंगालच्या उपसागराकडे अमेरिकेची विमानवाहू नौका निघाली होती. पण त्याच वर्षी 6 एप्रिलला ढाक्यातला त्यांचाच अधिकारी, आर्चर ब्लड, यानं वॉशिंग्टनला तार केली, की आपलं सरकार लोकशाही चिरडली जात असताना गप्प आहे. सोबत वीसेक सहकाऱ्यांच्या सह्या. त्याला तिथून हलवलं. मला तो माणूस सतत आठवतो. तो परक्याच्या दारात उभा राहून ओरडत नव्हता, तो स्वतःच्या सरकारला जाब विचारत होता. मला तसा जाब विचारायचाय, मत देऊन. शपथेत गरज पडल्यास शस्त्र उचलण्याचं वाक्य आहे, त्याच्यापाशी मी खूप दिवस अडले होते. कायद्यात त्यातून सूट मागायची सोय आहे, मी ती मागितलीय.

उपकार मी विसरले नाहीये. बहात्तरच्या दुष्काळात आजीनं भाजलेली लाल मिलो ज्वारीची भाकरी अमेरिकेतूनच आली होती, आणि माझं घर इथल्या पगारावर चालतं. त्यांचं खाते म्हणून गप्प बसावं, असं मात्र तुम्हीही कधी शिकवलं नाहीत. सायकलच्या दांडीवर बसवून मेणवलीला न्यायचात, आठवतं? सगळे तिथल्या घाटावरची मोठी घंटा बघून निघून जायचे. तुम्ही मला कडेवर घेऊन तिच्यावरची मेरीमाता दाखवायचात आणि सांगायचात, ही आपली नव्हे, वसईच्या लढाईनंतर आणलेली, कुणाच्या तरी देवळातली आहे. मी तेव्हा पाचवीतही गेले नव्हते, पण तुमच्या शर्टाचा वास आणि ते वाक्य दोन्ही पक्कं लक्षात आहे.

तुम्हाला वाटतं, हल्लीचे दिवस वाईट आहेत, बाहेरच्या माणसानं तोंड उघडू नये. म्हणूनच नागरिकत्व असलेलं बरं, आई. उलट मी जास्त सुरक्षित होतेय.

आता कामाचं. बाबा, ती टोपी घालू नका. फेकायची नसेल तर कपाटात ठेवा, मी निळी साधी पाठवतेय, उन्हाला तीच चांगली. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. इको या महिन्यात करून घ्या, दादाला मी तारीख घ्यायला सांगितलीय, त्याच्याशी भांडू नका. आई, माळ्यावर चढणं बंद, पितळेची भांडी तिथेच राहू देत. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घे, पैसे वहिनीकडे पाठवलेत. आणि माईआत्याला ही बातमी तुम्हीच सांगा, बाहेरून कळली तर ती वर्षभर बोलणार नाही.

रविवारी सकाळी फोन करते. बाबा, तुम्ही उचला.

तुमची,
मनू