तीर्थस्वरूप अण्णा, चौसष्टातल्या त्या एका पैशाबद्दल

तीर्थस्वरूप अण्णा (महर्षी धोंडो केशव कर्वे) यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मायना लिहितानाच अडखळले. सख्ख्या वडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांच्या जागी असलेल्यांना 'तीर्थस्वरूप' लिहायचं, हे मला आत्याने शिकवलं. ती स्वतः मात्र दरवर्षी 18 एप्रिलला तुम्हाला जे पोस्टकार्ड टाकायची, त्यावर 'तीर्थरूप अण्णा' असंच असायचं. आजीने एकदा तिला हटकलं होतं. आत्या म्हणाली, "मला माहीत आहे कुठे काय लिहायचं ते." विषय तिथेच संपला.

आज 18 एप्रिल. 1858 साली याच दिवशी कोकणात, शेरवलीला, तुमचा जन्म झाला. 9 नोव्हेंबर 1962 ला पुण्यात तुम्ही गेलात. एकशे चार वर्षं. माझा जन्मही 1962 चाच, त्यामुळे तुम्हाला पाहिल्याचं मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरात तुम्ही होतात. देव्हाऱ्यात नव्हे, फडताळात, एका पत्र्याच्या डबीत. त्या डबीबद्दल लिहायचं आहे, म्हणून आज पत्राला बसले.

आत्या म्हणजे माझ्या आजीची आत्या. घरात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. तिचा जन्म 1892 चा. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. आठवत होता तो न्हावी. ओसरीवर बसवून डोक्यावरून वस्तरा फिरवला तेव्हा त्याचेच हात थरथरत होते आणि तो मान वर करत नव्हता, एवढं ती सांगायची. पुढचं सांगायची नाही. मग लाल आलवण, मग स्वयंपाकघराच्या मागची अंधारी खोली, आणि शुभकार्याला समोर यायचं नाही. तीन वर्षं. चौदाव्या वर्षी तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, घरच्यांशी भांडून तिला पुण्याजवळ हिंगण्याला, विधवांसाठीच्या तुमच्या आश्रमात आणून सोडलं.

अण्णा, तुम्ही आश्रम काढला नसता तर पणजोबा तिला कुठे नेणार होते? मी बराच विचार केलाय यावर. त्यांचं मन मोठं होतं, हिंमतही होती. पण बैलगाडी जुंपून निघालेल्या माणसाला पोचायला एखादं ठिकाण लागतं. तेच तुम्ही करून ठेवलं होतंत.

त्या ठिकाणापर्यंत तुम्ही स्वतः कसे पोचलात, ते मी मोठी झाल्यावर वाचलं. 1891 मध्ये राधाबाई गेल्या. पदरी रघुनाथ. त्याच वर्षी तुम्ही फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आलात. विधुराला तेव्हा बारा-तेरा वर्षांची नवरी सहज मिळत होती आणि घरच्यांची अपेक्षाही तीच असणार. तुम्ही ठरवलंत की लग्न करीन तर विधवेशीच. 11 मार्च 1893 ला गोदूबाईंशी पुनर्विवाह केलात. त्या आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया. मुरुडला, तुमच्या घरच्या गावी, गेलात तर गावाने बहिष्कार घातला. आई, भाऊ, सगळे त्याच गावात. आणि हेच ते मुरुड, ज्याच्यासाठी तुम्ही विद्यार्थी असल्यापासून, शिकवण्या करून मिळणाऱ्या दर रुपयातून एक पैसा बाजूला काढत होतात.

तो एक पैसा. आता डबीकडे येते.

आत्या हिंगण्याला शिकली, पुढे मास्तरीण झाली. तिचा पहिला पगार पंधरा रुपये. त्यातले पंधरा पैसे तिने वेगळे काढले आणि खोबरेल तेलाच्या एका रिकाम्या डबीत टाकले. रुपयाला एक पैसा. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्टातला एक. डबी भरली की ती कुणा मुलीची फी भरायची, कधी पाट्या-पेन्सिली आणायची, काही वेळा सरळ हिंगण्याला मनिऑर्डर करायची. हे तुमच्याकडूनच आलं, असं ती सांगायची. तुम्ही तिला थेट तसं कधी सांगितलं होतंत असं नाही. अण्णा फार कमी बोलत, हे तर ती शंभरदा सांगायची. मुली आपापसात बोलत, मोठ्या मुली धाकट्यांना सांगत, त्यातून ते तिच्या कानावर आलं आणि तिने धरून ठेवलं.

1957 च्या एप्रिलमध्ये नवी नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आत्या तेव्हा पासष्टीची, पेन्शनवर. माझी आई तेव्हा कॉलेजात होती. तिने पाहिलेलं सांगते. आत्या पाटी घेऊन ओसरीवर बसली आणि तिने हिशेब मांडला: चौसष्टात एक, तर शंभरात किती? उत्तर दीडच्या थोडं वर आलं. आई म्हणाली, "अगं, एकच टाक की, पैसा तो पैसा." आत्या म्हणाली, "नवा पैसा जुन्यापेक्षा लहान आहे. एक टाकला तर अण्णांचं कमी होईल." दीड पैशाचं नाणं नव्हतं, म्हणून त्या महिन्यापासून रुपयाला दोन नवे पैसे पडायला लागले. बाकी कशातही सढळ हात नसलेली बाई. फाटकं पातळ तीन ठिकाणी शिवून नेसायची. इथे मात्र तिने वरच्या आकड्याकडे झुकायचं ठरवलं.

गणिताच्या प्राध्यापकाच्या विद्यार्थिनीने गणितातूनच ऋण फेडावं, हे तुम्हाला आवडलं असतं असं मला वाटतं.

अण्णा, मोठ्या समारंभांत तुमची कामगिरी सांगतात तेव्हा 1916 चं महिला विद्यापीठ येतं, सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी येते, 1958 चं भारतरत्न येतं. ते सगळं खरंच मोठं आहे. त्याच वर्षी टपाल तिकिटावर तुमचं चित्र आलं, हयातीत तिकिटावर आलेले तुम्ही पहिले भारतीय. आत्याने ते तिकीट विकत घेतलं आणि कधी चिकटवलं नाही. "अण्णांच्या तोंडावर शिक्का मारायचा?" म्हणाली. ते तिकीट अजून डबीत आहे.

माझ्या मनात मात्र ठाण मांडून बसलंय ते तुमचं चालणं. मॅट्रिकच्याही आधीची तुमची ती परीक्षा. मुरुडहून साताऱ्याला शंभरावर मैल, कुंभार्ली घाटातून, चार दिवस पायी. आणि तिथे पोचल्यावर तुम्ही वयाने लहान दिसता म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. तसेच परत. पोरसवदा मुलाचं मन तिथेच मोडून पडलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही पुढे परीक्षा दिलीत, मुंबईला गेलात, एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन 1884 मध्ये बी.ए. झालात. पुढे प्लेगच्या दिवसांत, 1900 मध्ये, आश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर न्यावा लागला तेव्हा कॉलेजातलं शिकवणं आटोपून तुम्ही तिथवर चालत जात होतात, सुमारे चार मैल. रस्ता धड नाही, पावसाळ्यात चिखल. सकाळी परत कॉलेज. मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या शाळांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलंत. आणि शहाऐंशीव्या वर्षी, 1944 मध्ये, समता संघ. त्या वयात माणसं नातवंडांकडून पाय चेपून घेतात.

माझे गुडघे साठीतच बोलायला लागले आहेत. जिना चढताना कुरकुर केली की आई म्हणते, "अण्णा किती चालले ते आठव." आईला आता ऐंशीच्या पुढे वर्षं झाली. ती हे वाक्य आत्याकडून घेऊन आली आहे, शब्दन् शब्द.

आता थोडं बायांबद्दल. तुमचे आभार मानताना त्यांना वगळलं तर आत्या मला क्षमा करणार नाही. तुम्ही मिळवलेलं आश्रमाला देत होतात आणि घर बाया चालवत होत्या. त्यांनी त्यांच्या आत्मकथेत ओढाताणीचं स्पष्ट लिहिलं आहे, काही आडपडदा न ठेवता. ते वाचून मी पहिल्यांदा तुमच्यावर रागावले होते, अण्णा. खरंच सांगते. बाहेरच्या शंभर मुलींचे अण्णा, आणि घरात मुलांना काय? मग लक्षात आलं की बायांनी तक्रार लिहिली आहे ती सोबत्याची, सोडून जाणाऱ्याची नाही. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले तुमच्याकडेच येऊन शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. मुलांकडे पाहिलं तरी तेच. रघुनाथराव संततिनियमनाचं बोलल्यामुळे समाजाचे दगड खात राहिले आणि मागे हटले नाहीत. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. सून इरावतीबाई साऱ्या देशाला मानवशास्त्र शिकवून गेल्या. ज्या घरात सून मोटार-स्कूटर चालवत आणि स्वतःची मतं बाळगत वावरू शकली, त्या घराला कोरडं कसं म्हणू? राग कधीच गेला. पण बायांनी सोसलं ते सोसलंच, आणि त्यांचे आभार तुमच्या आभारांच्या पोटात घालून चालणार नाही. बाया, तुम्हालाही माझा नमस्कार. वेगळा.

आश्रमात आल्यावर आत्याने केस वाढवले. लगेच नाही, दोन वर्षांनी. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि कुणी अडवलंही नाही. म्हातारपणी तिची वेणी पांढरीशुभ्र आणि करंगळीएवढी बारीक होती. रोज सकाळी ती उन्हात बसून ती वेणी सोडायची, विंचरायची, परत घालायची. अर्धा तास जायचा. इतर कामांत कमालीची घाई करणारी आत्या या एका कामात कधी घाई करत नसे. मी लहानपणी फणी हातात घेऊन शेजारी बसायचे. मला तेव्हा ते नुसतं वेणी घालणं वाटायचं.

तिने माझ्या आजीला शिकवलं, कारण भावाचं ऋण होतं. आजी सातवीची फायनल परीक्षा पास झाली. आजीने आईला बी.ए. केलं. आईने मला विचारलंसुद्धा नाही की शिकायचं आहे का, सरळ फॉर्म आणून दिला. आमच्या घरात मुलीला शिकवायचं की नाही यावर 1906 नंतर कधी चर्चा झालेली नाही. हे लिहिताना माझा हात थांबला, कारण अनेक घरांत ती चर्चा अजून होते आणि मुलीच्या विरोधात जाऊन संपते. आमच्याकडे ती तुम्ही मिटवून टाकलीत, आम्ही जन्मायच्या आधीच. यासाठी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला नीट जमत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी आत्या रडली नाही, असं आई सांगते. रेडिओवर बातमी आली. आत्या उठली, डबी काढली, त्यातले पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन मनिऑर्डर केली. महिना अर्धाही झाला नव्हता, पेन्शन यायची होती. डबी भरल्यावरच रिकामी करायची, ही तिची पद्धत. ती एकदाच मोडली.

1977 मध्ये आत्या गेली, पंच्याऐंशीव्या वर्षी. डबी आजीकडे आली, मग आईकडे, आता माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसत नाही म्हणून दोरा बांधलाय. आता पैसे मोबाइलवरून जातात-येतात, नाणी हातात पडत नाहीत. त्यामुळे महिनाअखेर मी हिशेब करते आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून तो डबीत टाकते. शंभराला दोन. आत्याने वर ओढलेला आकडा खाली आणायची माझी छाती नाही.

या वर्षीचे बारा चिटोरे काल काढले आणि बेरीज केली. हिंगण्याला आता कर्वेनगर म्हणतात. तिथल्या तुमच्या संस्थेत कुणा मुलीच्या फीसाठी ती रक्कम आज सकाळी भरली. पावतीवर कुणाच्या नावे, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी आत्याचं नाव सांगितलं. त्यांनी ते नीट लिहून घेतलं, ऱ्हस्व-दीर्घ विचारून.

ती पावती डबीत ठेवली आहे, तिकिटाच्या शेजारी.

बायांना साष्टांग नमस्कार सांगावा.

आपल्या एका विद्यार्थिनीच्या भाचीची नात