‘लीन’चा कोड आला की सेन्सर बदलायची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या बऱ्याच गॅरेजांत एक प्रकार सर्रास चालतो. पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायचं ठरतं. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, काही दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. पी०१७१ म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे. मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे त्यात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मर्यादेपर्यंत पेट्रोल वाढवूनही ते भरून निघत नाही, एवढंच हा कोड सांगतो. सेन्सरच्या सर्किटचे कोड वेगळे असतात, पी०१३० पासून पुढचे.

पहिली गोष्ट म्हणजे कोड लगेच पुसू नये. त्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दिवा लागला तेव्हा रेस किती होती, लोड किती, इंजिन गरम होतं की थंड. कोड पुसला की हा पुरावाही जातो. गॅरेजमध्ये गाडी देताना मालकांनी हे आवर्जून सांगावं.

मग इंजिन पूर्ण गरम करून फ्युएल ट्रिमचे आकडे, म्हणजे ईसीयू ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो ते, बघावेत. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचं) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेलं) या दोहोंची बेरीज करायची. निरोगी इंजिनात ती शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे दहा टक्के असते. साधारण अधिक पंचवीसच्या घरात गेली की दिवा लागतो. आकडे दोनदा टिपायचे, एकदा आयडलिंगला आणि एकदा २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून. खरं निदान या दोन नोंदींतच आहे.

आयडलिंगला अधिक वीस आणि २५०० वर अधिक चार असेल तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) चिरलेला पाइप, ब्रेक बूस्टरचा होज, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, हे नेहमीचे संशयित. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर बॉनेटखाली शिरतात, तेव्हा पाइपांची खालची बाजू आरशाने बघावी. एकेक व्हॅक्यूम होज पक्कडीने हलकेच दाबून ट्रिम खाली येतं का ते पाहिलं, तर पाच मिनिटांत दोषी सापडतो. नाहीतर कमी दाबाचं स्मोक मशिन लावून धूर कुठून बाहेर येतो ते पाहावं. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची सवय मात्र सोडलीच पाहिजे, त्याने आग लागते.

उलट, आयडलिंगला ठीक आणि रेस वाढवली, खंडाळ्याचा घाट चढवला की ट्रिम वाढत जातं, तर पेट्रोल पुरत नाहीये. टी-जोड लावून फ्युएल प्रेशर मोजावं. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. दाब उतरलेला असेल तर पंप किंवा टाकीतला फिल्टर. बरोबर असेल तर इंजेक्टर. जिथे आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर आहे तिथे त्याची मळलेली तारही असाच घोळ घालते. ती फक्त त्यासाठीच्या स्प्रेने धुवावी, बोट किंवा कापूस लावू नये.

इथे एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एअरफ्लो मीटर नसून मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरली तरी मॅपला ती कळते, पेट्रोलही वाढतं. ट्रिम फारसं न बिघडता आयडलिंगची रेस चढी राहते. अशा गाडीत लीनचा कोड आला, तर आधी पेट्रोलचा दाब आणि सेन्सरच्या अलीकडची एक्झॉस्टची गळती तपासावी. एक्झॉस्टच्या भेगेतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सर लीन वाचतो. मिसिंगमुळेही तेच होतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच सेन्सरपर्यंत पोहोचतो.

मुंबईत सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या पुष्कळ, त्यांची तपासणी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी हवी. फक्त गॅसवर लीन असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर आणि किटचं ट्यूनिंग बघावं. फक्त पेट्रोलवर असेल तर पंपाकडे लक्ष द्यावं: टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो आणि गॅसच्या भरवशावर टाकी कायम रिझर्व्हला ठेवली की तो लवकर थकतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत मॅनिफोल्डला भोक पाडून लावलेले नोझल सैल होतात. तिथूनही हवा शिरते.

दोष हल्ली वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलवरही ढकलला जातो. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट, त्यामुळे ट्रिम काही टक्के वर सरकतं हे खरं. पण पंचवीसचा टप्पा एकट्या इथेनॉलने गाठला जात नाही. मुळात पंधराला अडकलेली गाडी मात्र त्याने सीमा ओलांडू शकते.

सेन्सरवर शंका असेलच तर तो तपासायला वेळ लागत नाही. साध्या नॅरोबँड सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये झुलतो. व्हॅक्यूम होज काढला की तो ०.२ च्या खाली जायला हवा, इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडला की झटक्यात ०.८ च्या वर. तसं झालं तर सेन्सर चांगला आहे, त्याला हात लावू नये. वाइडबँड सेन्सर असेल तर स्कॅनरवरची लॅम्डा व्हॅल्यू, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, बघावी.

‘पीयूसी पास आहे, मग काळजी कशाला?’ असंही ऐकू येतं. लीन मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड कमीच निघतो, त्यामुळे तो आकडा छान दिसतो. त्याच मिश्रणात वाढू शकणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पीयूसीत मोजले जात नाहीत. इकडे लोडवर इंजिन तापतं, नॉकिंग होतं, व्हॉल्व्ह जळतात.

म्हणून गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांना विनंती आहे. लीनच्या प्रत्येक कामाच्या जॉब कार्डवर ट्रिमचे चार आकडे लिहिले जावेत: दुरुस्तीआधी आयडलिंगचा आणि २५०० आरपीएमचा, दुरुस्तीनंतर हेच दोन. नंतरचे आकडे ट्रिम रीसेट करून, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर घ्यावेत. हे चार आकडे मिळाल्याशिवाय मालकाने सेन्सरचे पैसे देऊ नयेत.

आपला,
मोटार दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, कुर्ला, मुंबई