उघड्या ब्रेक लाइनमध्ये चिंधी कोंबू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गाडीची कामं घरच्या घरी करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. ब्रेकच्या भागात मात्र एक वाक्य खटकलं. कॅलिपर (चाकापाशी ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढल्यावर ब्रेक ऑइलच्या नळीच्या, म्हणजे ‘लाइनच्या तोंडात कापडाचा बोळा घालून ठेवावा’ असं त्यात म्हटलं आहे. माझं अर्धं आयुष्य गाड्यांखाली ब्रेकचीच कामं करण्यात गेलं, म्हणून हे पत्र.

वर्कशॉपमध्ये कॅलिपर काढला की तासाभरात दुसरा बसतो. घरी तसं होत नाही. पार्ट चुकीचा येतो, अंधार पडतो, पाहुणे येतात आणि गाडी आठवडाभर स्टँडवर राहते. तेवढ्या वेळात बोळा काय करतो? वातीसारखं ब्रेक ऑइल शोषून थेंब थेंब खाली सोडतो, वर धागे आत सोडतो ते वेगळंच. वरचा ब्रेक ऑइलचा डबा हळूहळू रिकामा होतो आणि मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या भागात) एअर घुसते. एका चाकाचं काम चारी चाकांवर जातं. शिवाय तो थेंब गाडीच्या रंगावर पडला तर रंग फुगून सुटतो. पडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, धुऊन जातं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावाही ओढतं. नव्या डॉट-४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो, इतका फरक पडतो. तरी लाइन एक रात्र उघडी राहिल्याने एवढं पाणी शिरत नाही. मला ओलाव्यापेक्षा भीती कचऱ्याची आणि रिकाम्या डब्याची.

लाइनच्या तोंडात मी पेन्सिल, मेणबत्तीचा तुकडा, लाकडी खुंटी, एकदा तर चघळलेलं च्युइंगगमही पाहिलं आहे! पण सगळ्यात वाईट उपाय म्हणजे रबरी होज (चाकाकडे जाणारी लवचीक नळी) पक्कडीने दाबून धरणं. वर्षानुवर्षं लोक तो करतात आणि ‘काही झालं नाही’ म्हणतात. असा एक होज मी ब्लेडने उभा चिरून पाहिला होता. बाहेरून ठणठणीत, आत मात्र रबराची साल सुटून पडद्यासारखी लोंबत होती. पेडल दाबलं की दाबाने ऑइल पुढे जायचं, सोडलं की तो पडदा वाट अडवायचा. गाडी एका बाजूला ओढते आणि ते चाक तापतं, एवढीच मालकाची तक्रार होती. कॅलिपर आधीच बदलून झाला होता बिचाऱ्याचा.

मग करावं काय? ब्लीडर निपलवर (लाइनमधली एअर काढायच्या स्क्रूवर) जे रबरी टोपण असतं, तसं नवं, चीर नसलेलं टोपण धातूच्या पाइपच्या टोकावर घट्ट बसतं. हे रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकणारंच हवं, त्यासाठी ब्रेकचंच टोपण घ्यावं. होजच्या टोकाला बोल्ट आरपार जाणारा गोल डोळा असेल, तर त्यातून एक साधा भरीव बोल्ट घालावा, दोन्ही बाजूंना वायसर आणि पलीकडून नट. टोपण असो की बोल्ट, आधी ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून कोरडं करावं. लाइन उघडण्यापूर्वी तिच्या सांध्याभोवतालची मातीही ब्रशने झाडावी. ती आत जाण्याची हीच वेळ असते.

गळती मुळातच थांबवणारी युक्ती पेडलपाशी आहे. लाइन उघडण्याआधी पेडल इंच-दीड इंच दाबायचं आणि सीट व पेडल यांच्यामध्ये काठी अडकवायची. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकला की डब्याकडची वाट बंद होते आणि वरून ऑइल उतरायचं थांबतं. मग त्या चाकाचा ब्लीडर जरा सैल करून उरलेला दाब घालवायचा, पुन्हा आवळायचा आणि नंतरच लाइन सोडवायची. पेडल दाबलेलं असल्याने मागचे दिवे पेटून राहतात. त्यांचा फ्यूज काढा, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली सापडेल. डब्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून हवेची वाट बंद करणारेही आहेत. गळती मंदावते खरी, पण तो कागद काढायचा राहून जातो, म्हणून माझा त्यावर भरवसा नाही.

हे सगळं गाडी उभी असेपर्यंतच. टोपण लावून किंवा पाइप दुमडून ‘तीन चाकांच्या ब्रेकवर हळूहळू नेतो’ म्हणणारे भेटतात. टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, जोरात ब्रेक मारल्यावर लाइनमध्ये तो शंभर बारच्याही वर जाऊ शकतो. टोपण पहिल्याच दाबाला उडेल.

लेखाच्या पुढच्या भागात ब्लीडिंग (लाइनमधली एअर काढणं) येणार असल्याचं छापलं आहे. त्यात एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांविषयी स्वतंत्र मजकूर असावा, ही विनंती. डबा रिकामा होऊन एअर एबीएसच्या युनिटमध्ये शिरली, तर अनेक गाड्यांत नुसतं पेडल मारून ती निघत नाही. स्कॅनर जोडून आतला पंप आणि झडपा चालवाव्या लागतात, आणि तो स्कॅनर घरी बहुतेकांकडे नसतो.

आपला,
एक निवृत्त ब्रेक फिटर