पोरी, लाइनअप पासपासून लिही

गारगोटी

प्रिय बाळ,

तू व्हॉट्सॲपवर टाकलेला तुमच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमच्या लाइनअपचा फोटो नीट बघितला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर मध्येच तुझी प्रॅक्टिसची वेळ झाली असती, म्हणून लिहून पाठवतोय. सरांनी टीम बांधायचं काम तुझ्यावर, कॅप्टनवर सोडलं हे बरं केलं. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात, ते तरी कुठं कुठं पुरणार?

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या कागदावर पोरी उंचीप्रमाणे उतरल्यात. सगळ्यात उंच दोघी नेटवर अडवायला ब्लॉकर, त्यांच्या खालच्या दोघी कडेनं मारायला अटॅकर, डावखुरी सेटरच्या समोरच्या जागेवरची युनिव्हर्सल, आणि सगळ्यात बुटकी मारायला बॉल देणारी सेटर. मागच्या ओळीत फक्त बॉल वाचवणाऱ्या लिबेरोच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. मी असतो तर लिबेरोचं नाव सगळ्यात आधी लिहिलं असतं. प्रश्नचिन्ह घालायचंच होतं तर दुसऱ्या अटॅकरपुढं घातलं असतं, कारण तिचे अंडर हात (हात जोडून खालून बॉल घेणं) तू फोटोत नाही तरी मागच्या महिन्यात मैदानावर मला दाखवलेस, आणि ते बघून मी गप्प बसलो होतो.

इतकी वर्षं पंच म्हणून स्टँडवर उभं राहून कॉलेजच्या मुलींचे सामने बघतोय. स्मॅश मारून मिळवलेले पॉइंट लोकांच्या लक्षात राहतात, पण सेट जातो तो पासवर, म्हणजे सर्व्हिस घेऊन सेटरकडं दिलेल्या पहिल्या बॉलवर. समोरून साधी, न फिरता तरंगत येणारी फ्लोट सर्व्हिस येते, पास फुटतो, सेटर नेटपासूनच्या तीन मीटर लाइनच्या मागं धावत जाऊन कसाबसा उंच बॉल टाकते, आणि चार नंबरची (पुढं डावीकडची) पोरगी तो नेटमध्ये घालते. बाहेर बसलेले म्हणतात, स्मॅशरनं घालवला. तो दोन टच आधीच गेलेला असतो. आमच्या काळी 15 चा सेट होता आणि सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा. पास फुटला तर बऱ्याचदा नुसती सर्व्हिस हातची जायची. आता 25 च्या सेटमध्ये प्रत्येक रॅलीला पॉइंट आहे, त्यामुळं एका चांगल्या सर्व्हरसमोर ओळीनं चार-पाच पास फुटले की मागून कितीही उंच पोरी असू देत, भरून निघत नाही.

म्हणून आधी सर्व्हिस कोण घेणार ते ठरव. लिबेरो आणि दोन अटॅकर अशा तिघींनी घ्यायची. त्या तिघींत एक कच्ची असली की समोरची टीम तिलाच शोधून काढते, दुसऱ्या टाइमआउटपर्यंत तर नक्कीच. त्या दुसऱ्या अटॅकरच्या जागी तुमच्याकडं जी हातकणंगल्याची मुलगी आहे, जी स्मॅश जोरात मारत नाही पण बॉल जागेवर पडू देत नाही, ती घालून बघ.

5-1, म्हणजे एकच सेटर आणि बाकी पाच मारणाऱ्या, धरलंयस ते ठीक. सेटर मागच्या ओळीत असते तेव्हा पुढं मारणाऱ्या तिघी मिळतात, सेटर पुढं आली की दोघीच. या दोघींवाल्या तीन फेऱ्या (जागा एकदा फिरल्या की एक फेरी) प्रत्येक टीमला जड जातात. म्हणून दोन अटॅकरमधली जी खमकी आहे ती सेटरच्या शेजारी लावतात. सेटर 1 नंबरला (मागं उजवीकडं), खमकी अटॅकर 2 ला (पुढं उजवीकडं), दुसरी 5 ला (मागं डावीकडं) असं मांड आणि कागदावर फिरवून बघ. सेटर पुढं असताना तीनपैकी दोन फेऱ्यांत खमकी अटॅकर पुढच्या ओळीत सापडेल. तू तिला 5 नंबरला घातलंयस, म्हणजे तिच्या वाट्याला त्यातली एकच फेरी येते. एवढ्या एका बदलानं काही न शिकवता टीम सुधारते.

सेटरच्या उंचीची तुला काळजी आहे, ती खरी आहे. 5 फूट 1 इंचाची मुलगी 2.24 मीटरच्या नेटवर ब्लॉकला उडणार, आणि ती जिथं उडते त्याच बाजूनं समोरच्या चार नंबरचा अटॅक येतो. कॉलेजच्या खेळात बरेचसे बॉल चार नंबरलाच जातात. यावर तू लिहिलंयस की सेटर पुढं आली की तिला बसवायची आणि उंच मुलगी घ्यायची, मागं युनिव्हर्सलच्या जागी दुसरी सेटर आणायची. चाल चांगली आहे, पण हिशेब कर. दोघींना बाहेर काढलं की दोन बदल गेले, दोघींना परत आणलं की आणखी दोन. सेटमध्ये मिळतात सहा. शिवाय पहिल्या सहातली मुलगी एकदाच बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते, तीही तिच्याच बदलीच्या जागी. म्हणजे ही चाल सेटमध्ये एकदाच चालते. ती 18-18 च्या सुमाराला वापर. सातव्या पॉइंटला वापरून बसलीस तर शेवटी एखादीचा पाय मुरगळला की हात चोळत बसायचं.

ही चाल तू अमेरिकेतल्या कॉलेजच्या मॅच बघून उचललीस हे मला कळलं. बघ, जरूर बघ. नेब्रास्का विद्यापीठानं 30 ऑगस्ट 2023 ला मुलींचा सामना फुटबॉल स्टेडियममध्ये घेतला आणि 92,003 लोक आले, ते व्हिडिओ मीही दोनदा बघितले. कोल्हापुरात आपल्या शाहू स्टेडियमला पेठांची फुटबॉल मॅच असली की गाव लोटतं, पण मुलींच्या व्हॉलीबॉलला असं गाव लोटलेलं मी अजून बघायचोय. तुम्हाला तर मुलांचं झाल्यावर अंधार पडता पडता मैदान मिळतं. असो. सांगायचं ते हे, की त्यांचे नियम निराळे आहेत. त्यांना एका सेटमध्ये 15 बदल मिळतात, म्हणून सेटर आणि युनिव्हर्सल अशी फिरवाफिरवी त्यांना परवडते. त्यांच्या लिबेरोला एका जागेवरून सर्व्हिस करता येते, आपल्याकडं नाही. 2024 पासून त्यांच्या मुलींना दुसऱ्या टचला डबल (बॉल हाताला दोनदा लागणं) झाला तरी चालतो, फक्त बॉल आपल्याच खेळाडूकडं गेला पाहिजे. आपल्याकडं तसं केलंस तर मी स्वतः शिट्टी मारीन, घरची पोरगी म्हणून सोडणार नाही.

डावखुरी शाळेत सेटर होती ना? मग सेटरनंच पहिला बॉल उचलला तर दुसरा टच तिचा, हे आजच ठरवून टाक. लिबेरोवर सोडू नकोस. लिबेरोनं तीन मीटरच्या आत उभं राहून बोटांनी बॉल दिला आणि तो कुणी नेटच्या वरून मारला तर फॉल्ट आहे. तिनं तिथं अंडरच द्यायचा, किंवा लाइनच्या मागून द्यायचा. मोठ्या स्पर्धेतसुद्धा मुली हे विसरतात आणि मग पंचाकडं बघून हात पसरतात.

आणि रोटेशन. 2025 च्या नव्या नियमांत सर्व्हिस करणाऱ्या टीमला कुठंही उभं राहायची मोकळीक दिलीय, पण सर्व्हिस घेणाऱ्यांना नाही. सर्व्हरचा हात बॉलला लागेपर्यंत आपली जागा सोडायची नाही. तुमची सेटर मागून पुढं पळायच्या घाईत अर्धी सेकंद आधी निघते. दुसरा पंच चांगला असला तर प्रत्येक वेळी पॉइंट जाईल. जागांची चिठ्ठी एकदा सही करून दिली की बदलता येत नाही, म्हणून ती देण्याआधी दोघींनी वाचायची, एकटीनं नाही.

आता उंचीबद्दल. 1964 ला टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा मुलींचं सुवर्ण जपाननं नेलं, शेवटच्या सामन्यात उंच्यापुऱ्या सोव्हिएत टीमला 3-0 नं हरवून. त्यातल्या बहुतेकजणी कापड गिरणीतल्या कामगार होत्या, ओसाकाजवळच्या काइझुकाच्या. आपल्या इचलकरंजीच्या पोरी समज. दिवसा काम, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांच्या कोचनं, हिरोबुमी दाइमात्सु नाव त्यांचं, एकच गोष्ट घोटून घेतली होती: बॉलसाठी झेप घ्यायची, जमिनीवर लोळण घ्यायची आणि त्याच झटक्यात उभं राहायचं. त्यांची शिकवायची पद्धत फार कडक होती, ती मला पटत नाही, तूही पोरींवर तसली सक्ती करू नकोस. पण लोळण मात्र शिकव. लाल मातीवर गुडघे फुटतील म्हणून आधी जिममधल्या मॅटवर.

राहिलं नव्या मुली आणायचं. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या 5 फूट 10 इंचाच्या मुलीबद्दल तू फार खूश दिसतेस. तिच्या घरच्यांनी फी, होस्टेल आणि पहिल्या सहात जागा मागितलीय. पहिल्या दोन गोष्टी कॉलेजला जमत असतील तर द्याव्यात, त्यात काही वावगं नाही. तिसरी कुणालाही लिहून किंवा बोलून देऊ नकोस. तुझ्या सध्याच्या मुली पहाटे उठून येतात. न खेळताच एखादीची जागा ठरलीय हे त्यांना कळायला एक दिवसही लागणार नाही, आणि मग दुपारच्या उन्हात त्यांना पळवायला तुझ्याकडं तोंड उरणार नाही. ती ब्लॉकर म्हणून येतेय, म्हणजे मागच्या ओळीत लिबेरो तिच्या जागी येणारच. तिच्या उंचीचा तुला उपयोग तीन फेऱ्यांपुरता. त्यासाठी किती द्यायचं ते या मापानं ठरव.

तिकडं अमेरिकेत कॉलेजच्या कोचना मुलीशी बोलायलासुद्धा तारीख आहे, दहावीचं वर्ष संपल्यावर 15 जूनपासून. आपल्याकडं तारीख नाही, आई आहे. मुलीला खेळ आवडतो हे तिनं ठरवलेलं असतं, पण पाठवायचं की नाही ते स्वयंपाकघरात ठरतं. तिथं विचारतात ते प्रश्न मी तुला आधीच सांगून ठेवतो. प्रॅक्टिस किती वाजता सुटते आणि त्यानंतर सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) आमच्या गावची एसटी आहे का? बाहेरगावी मुक्काम असला तर सोबत कोण मॅडम असतात? पोशाख कसला? परीक्षा बुडाली तर? याची खरी उत्तरं घेऊन जा. राधानगरीकडची मुलगी सात वाजता सुटून घरी जाऊ शकत नसेल तर तिचा सराव साडेपाचला संपव, पण घेऊन ये. नोकरीचं आमिष दाखवू नकोस. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं, कॉलेजच्या यादीत नाव असण्यावर मिळत नाही. तुमचे विभागीय सामने, मग सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांशी गाठ, त्यातून विद्यापीठाची टीम, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, एवढी वाट आहे हे सरळ सांगायचं.

मुली शोधायच्या कुठं? 19 वर्षांखालच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून बघ, जिल्ह्यापर्यंत थांबू नकोस. जिल्ह्याला सगळ्या कॉलेजांचे लोक वही घेऊन बसलेले असतात. सामन्यात स्मॅश मारणारीकडं सगळेच बघतात, तू बॉल जिच्याकडं नाही तिच्याकडं बघ. मैत्रीण ब्लॉकला उडाली की ही मागं वाकून तयार राहते का? सर्व्हिस चुकल्यावर पुढच्या बॉलला तिचा चेहरा कसा असतो? पाय आधी हलतात की हात? हात शिकवता येतात, अठराव्या वर्षी पाय शिकवणं अवघड. आणि खो-खोचं मैदान विसरू नकोस. खाली वाकून क्षणात दिशा बदलायची सवय लागलेली मुलगी चार महिन्यांत लिबेरो होते, असं माझं मत आहे. तुमचे सर हसतील, हसू देत.

आपल्याकडच्या गावांत संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉलचं नेट लागतं. तिथं पोरं खेळतात, पण कडेला उभी राहून बाहेर गेलेला बॉल परत फेकणारी एखादी बहीण असतेच. तिचा फेकलेला बॉल बघ. आपल्याच वाडीवर अशी एक आहे, यंदा बारावीला. उंची बेताची, पण वाऱ्यातसुद्धा बॉलच्या खाली अंग नेते. पावसाळा संपता संपता तुमच्या मैदानावर वारा किती फिरतो ते तुला माहीत आहे, आणि विभागीय सामने बाहेरच्याच कोर्टवर असतील.

तिच्या आईशी तुझी आई बोललीय. एसटीचा प्रश्न सुटणार नाही, त्यामुळं होस्टेलच लागेल. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी किती जागा राहतात आणि खेळाडूंना त्यात काही सवलत आहे का, ते मॅडमना विचारून कळव. तिचे वडील बाजाराला येतात तेव्हा माझी गाठ पडते, त्याआधी कळलं तर बरं.

नी-पॅडची नवी जोडी एसटीनं पाठवतोय, पार्सल सीबीएसवरून घे. जुनी त्या हातकणंगल्याच्या मुलीला दे.

तुझे,
बाबा