‘एका दिवसाचं काम’ किती तासांचं?

मा. संपादक,
स.न.

निवडणूक ड्यूटीच्या मानधनावर आमच्या महापालिकेच्या सभेत चर्चा झाल्याची बातमी वाचली. काम एका दिवसाचं, त्याला आणखी किती द्यायचं, असा सूर काही सदस्यांनी लावला म्हणे. पाच निवडणुकांत मतदान केंद्रावर बसलेली शिक्षिका म्हणून त्या एका दिवसाचा हिशेब मांडते.

आदल्या दिवशी सकाळी आठला साहित्य वाटप केंद्रावर हजेरी. यंत्रं, याद्या, शाई, सीलची लाख, पाकिटांचा गठ्ठा मोजून ताब्यात घ्यायचा, बसची वाट बघायची, केंद्रावर बाकं सरकवून कक्ष उभा करायचा. यातच सात वाजतात. दुसऱ्या दिवशी मतदान साडेसातला सुरू होतं, पण त्याआधी मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, असल्याने साडेपाचलाच केंद्र गाठावं लागतं. संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होतं, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, त्याही शेवटच्या माणसापासून पुढे. सगळ्यांचं मत झालं की सील, नमुने भरणं, मतांचा ताळा, पुन्हा बस, आणि साहित्य जमा करायची रांग. मागच्या खेपेला पोचपावती हातात पडली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. झोप वजा करून तीस तास भरतात.

त्यात मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग. बहुतेक ठिकाणी चार जागा, चार रंगांच्या मतपत्रिका: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. एखाद्या आजी दोन बटणं दाबून समाधानाने बाहेर येतात. चारही मतं झाल्यावर वाजणारी बीप वाजलेलीच नसते. त्यांना परत आत पाठवायचं, कोणाला मत द्या असं चुकूनही सूचित न करता समजवायचं, आणि तोवर बाहेर रांग खवळलेली. विधानसभेच्या केंद्रावर हा प्रकार नसतो.

भारत निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये दर वाढवले. केंद्राध्यक्षाचे दिवसाला 350 चे 500 झाले, मतदान अधिकाऱ्याचे 250 चे 400. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, वर्षाचं मानधन 6,000 वरून 12,000 झालं, तेही 2015 नंतर पहिल्यांदा. ही वाढ लोकसभा-विधानसभेच्या कामाची. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि खर्च पालिकेच्या तिजोरीतून होतो. पण समजा हाच नवा दर आम्हाला लावला, तरी दोन दिवसांचे 800 रुपये भागिले तीस तास, म्हणजे तासाला सत्तावीस रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत.

आम्हा शिक्षकांना पगार चालू असतो, हे मान्य. म्हणून माझ्यासाठी मी फार भांडणार नाही. पण आमच्या केंद्रावरच्या शिपायाने यंत्रांच्या पेट्या दोन जिने वर नेल्या, पहाटे पाणी भरलं, रात्री त्याच पेट्या खाली आणल्या, आणि यादीत सर्वांत छोटा आकडा त्याच्याच नावापुढे होता. आमचे तास आणि त्याचे तास सारखेच. कंत्राटी कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांचंही तेच, त्यांच्यामागे तर पक्क्या पगाराचा आधारही नाही. नाही म्हणायची सोय कोणालाच नसते, गैरहजर राहिलं की नोटीस येते. नोटीस मात्र वेळेवर येते!

दर ठरवणं आपल्या हातात नाही, असं सभागृह म्हणेल. तर तसा ठराव करून वर पाठवावा: भत्ता दिवसावर नव्हे, तासांवर मोजा आणि वाढ यादीच्या तळापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशीची सुटी आणि रात्री घरी पोचवणारी गाडी, एवढं तरी पालिका स्वतः करू शकते. रात्री एकला साहित्य जमा केल्यावर आम्ही तिघीजणी रिक्षासाठी पाऊण तास रस्त्यावर उभ्या होतो, आणि सकाळी सातला माझी शाळा होती.

– एक शिक्षिका